लोटनने फिरवलेला मासा

शहाद्याच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, लोटन नावाचा परिचर होता. परिचर हा सरकारी कागदावरचा शब्द. पोरं त्याला लोटनमामा म्हणत, प्राध्यापक 'अरे लोटन' म्हणत आणि मी त्याला डॉक्टर म्हणायचो, कारण त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास यायचा. तो वास फॉर्मालिनचा. चौतीस वर्षं मेलेल्या प्राण्यांच्या बाटल्या भरल्या, पुसल्या, सांडल्या, तर माणसाला दुसरा कशाचा वास येणार? लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान शेवटपर्यंत रिकामं राहायचं. त्याची बायको धनुबाई मला एकदा म्हणाली होती, "भाऊसाहेब, हाऊ माले देखाले उना तवय मन्ही माय म्हने, पोऱ्या चांगला शे, पन आजारी शे का काय?"

मी ऑफिसात हेडक्लार्क, म्हणून भाऊसाहेब. कुणाची बदली कुणाच्या सासऱ्यामुळे थांबली, कोणत्या मॅडमनी कोणत्या सरांशी बोलणं का टाकलं, हे जाणून घ्यायचं तर लोक माझ्या टेबलाशी यायचे. माझ्याकडे रजेचे अर्ज कमी आणि बातम्या जास्त जमा व्हायच्या. त्यातल्या निम्म्या खऱ्या निघायच्या, आणि तेवढ्यावर माझी अब्रू शाबूत होती.

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. तापी आहे, तिच्यात तिचे मासे आहेत. समुद्राचा मासा आमच्याकडे येतो तो सुरतेकडून नवापूरला, बर्फात झोपून. पण आमच्या प्रयोगशाळेतले समुद्राचे मासे इंद्रसिंग सरांनी आणलेले. सर सारंगखेड्याचे, विभागाचे पहिले प्रमुख. तरुणपणी त्यांनी पोरांची सहल वेरावळला नेली आणि येताना दोन पत्र्याच्या ट्रंका भरून मासे आणले. एस्टीतल्या लोकांनी अर्ध्या वाटेत त्यांना खाली उतरवायचं ठरवलं होतं म्हणतात. पाकट, समुद्रघोडा, शार्कचं पिल्लू, सगळं बाटल्यांत गेलं, आणि प्रत्येक बाटलीवर सरांच्या हातची, काळ्या शाईची चिठ्ठी लागली.

लोटन पुढे बऱ्याच वर्षांनी आला; तो केळीच्या ट्रकवर घड मोजायला होता. त्याची मोजणी कधी चुकत नाही असं सरांच्या कानावर गेलं, आणि सरांनी त्याला प्रयोगशाळेत आणून बसवलं. का, ते नंतर कळलं. सरांना माशांचे खवले मोजायला माणूस हवा होता.

चपट्या माशांची एक जात असते. बाजारात तिला कुणी लेप म्हणतं, कुणी नुसतंच जीभ म्हणतं. सर सांगायचे, शास्त्रातलं तिचं नाव सायनोग्लॉसस, म्हणजे कुत्र्याची जीभ. आता इतका खाण्याजोगा मासा, आणि विद्वानांना कुत्र्याच्या तोंडाशिवाय दुसरं काही आठवलं नाही. या जिभेचं कुळ वेगळं आणि सोल नावाच्या दुसऱ्या चपट्या माशाचं कुळ वेगळं. लोकांना दोन्ही सारखेच दिसतात. मलाही दिसायचे. लोटनने मला चहाच्या गाडीवर बशी उपडी घालून हे समजावलं होतं.

"भाऊसाहेब, हाऊ मासा जन्मस ना, तवय तुमना-मन्हासारखाच ऱ्हास. एक डोया इकडे, एक तिकडे. उभा पोहस. मंग थोडा दिन व्हयनात का एक डोया चालाले लागस."

"कुठे चालतो?"

"डोकावरतीन, दुसरा डोयाकडे. कवटी वाकडी व्हस. दोन्ही डोया एकच बाजूले उनात का मासा आडवा पडी जास, रेतीवर. मंग जलमभर तसाच."

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या विभागातले हेमकांत सर. दोन्ही डोळे प्रिन्सिपॉलच्या खुर्चीकडे."

लोटन हसला नाही. माशावरच्या गप्पेत माणसं आणलेली त्याला आवडायची नाहीत. त्याने बशी सरळ केली आणि सरांनी शिकवलेला नियम सांगितला. मासा हातात घ्यायचा, डोळ्यांची बाजू वर, पोट आपल्याकडे. तोंड डाव्या हाताला गेलं तर मासा डाव्या डोळ्यांचा, म्हणजे लेप. उजव्या हाताला गेलं तर सोल. शिवाय लेपाला छातीचे पंख नसतात, पाठीचा आणि पोटाचा पंख मागे शेपटीत मिसळून टोक होतं, जिभेच्या टोकासारखं. सोलची शेपटी वेगळी दिसते. लेपाच्या डोळ्यांकडच्या अंगावर दोन किंवा तीन रेघा असतात, आणि त्या रेघांच्या मधल्या खवल्यांच्या ओळी मोजल्या की कोणता लेप ते ठरतं. हे मोजायचं काम लोटनचं. भिंगाखाली, सुईचं टोक एकेका खवल्यावर ठेवत. सरांच्या प्रबंधात पानंच्या पानं आकडे आहेत, ते सगळे लोटनने मोजलेले. प्रबंधात त्याचं नाव नाही. त्याने कधी शोधलंही नाही; मी शोधलं होतं.

प्रयोगशाळेच्या कपाटात या मंडळींची एकच बाटली होती. उंच, अरुंद. आत काळ्या रंगाच्या काचपट्टीवर दोऱ्याने बांधलेला एक चपटा मासा, पांढरी, बिनडोळ्यांची बाजू पुढे. खालचं टोक बाटलीच्या तळाच्या गाळात. चिठ्ठीवर सरांचं अक्षर: सोलिया, म्हणजे सोल. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दहा बाटल्या रांगेने मांडायच्या, चिठ्ठीवर नुसता नंबराचा कागद चिकटवायचा, आणि पोरांनी ओळखायचं. त्याला स्पॉट म्हणतात. उंच बाटली म्हणजे सोलिया, हे वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना सांगून जायची. माशाकडे कुणी बघायचंच नाही. बाटलीची उंची बघून लिहायचे.

लोटनला एकच मुलगी, काजल. ती आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षाला आली, आणि लोटनच्या चालण्यात फरक पडला. आधी तो भिंतीच्या कडेने चालायचा, आता व्हरांड्याच्या मधोमध. मी त्याला छेडायचो, "डॉक्टर, घरात खरी डॉक्टर होणार म्हणून काय?" तो म्हणायचा, "एमएस्सी तर व्हऊ द्या, भाऊसाहेब." विद्यापीठात एमएस्सीच्या जागा थोड्या. गुणांच्या यादीत बसली तरच. त्यांच्या घराण्यात एमएस्सी हा शब्दही आधी कुणी उच्चारला नव्हता.

रविवारी लोटन नवापूरला जायचा आणि ताजे लेप घेऊन यायचा. परातीत मासा, बाजूला भिंग, आणि काजल ओळी मोजत बसलेली. चुलीजवळून धनुबाई ओरडायची, "व्हयनं का मोजनं? तेल तापनं." बाप-लेकीने अख्ख्या माशाचा ताबा घेतलेला असायचा. त्या घरात मासा आधी शास्त्रात जायचा, मग कढईत.

परीक्षेच्या चार दिवस आधी लोटनने मला विचारलं, बाहेरून तपासायला कोण येणार आहेत. मी तोंड उघडलं. मी म्हटलं, या वर्षी माशांचे मोठे अभ्यासक येताहेत, माशांवरच पीएचडी आहे, बाकीचं काही बघतच नाहीत म्हणे. हे मी कुठून ऐकलं होतं? नंदुरबारच्या एका क्लार्ककडून फोनवर, अर्धवट. लोटन म्हणाला, "मासाना डॉक्टर शेतंस ना, मंग ते मासा देखतीन." मला वाटलं, बोलतोय आपला काहीतरी.

परीक्षेच्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. उंच बाटलीचं झाकण काढलं, काचपट्टी बाहेर काढली, दोरे कापले आणि मासा फिरवून बांधला. डोळे पुढे. पोट आपल्याकडे धरून बघितलं, तर तोंड डाव्या हाताला. मुलीसाठी त्याने आयुष्यात केलेला एवढाच पक्षपात. उत्तर सांगितलं नाही, चिठ्ठी दाखवली नाही. फक्त मासा दिसेल असा ठेवला.

काजलचा नंबर आला तेव्हा मी काहीतरी कागद घेऊन दाराशी उभा होतो. मी नेहमी काहीतरी कागद घेऊन दाराशी उभा असायचो. लोटन दुसऱ्या दाराशी, स्टूलजवळ. ती उंच बाटलीपाशी थांबली. बाकीची पोरं त्या बाटलीपुढून चालत जात लिहीत होती, ही थांबली. वाकून बघितलं. मग एकदा बापाकडे बघितलं. मग लिहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक माशांचे नव्हते. टसर रेशमाच्या किड्यांचे होते. माशांचे अभ्यासक दुसऱ्या कॉलेजला गेले होते. किड्यांच्या सरांनी हेमकांत सरांकडून उत्तरांची यादी घेतली, यादी इंद्रसिंग सरांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरून उतरवलेली, आणि बेचाळीस वह्या यादी समोर ठेवून तपासल्या. बेचाळीसमधल्या एकेचाळीस पोरांनी लिहिलं होतं, सोलिया. काजलने लिहिलं होतं, सायनोग्लॉसस, कुळ, लक्षणं, रेघा, सगळं. तिच्या उत्तरावर लाल फुली.

वह्यांचे गठ्ठे बांधून लाखेने बंद करायचं काम लोटनचं. त्यानेच ती फुली बघितली. माझ्याकडे आला. त्याच्या हातावर लाख सांडली होती आणि त्याचं लक्षही नव्हतं.

"भाऊसाहेब, पोरनी बरोबर लिखं. फुली पडनी."

परीक्षक कोण होते ते तोपर्यंत मलाही कळलं होतं. मी ते त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, बोल लावला नाही. त्याने दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी मात्र गप्प बसलो नाही. म्हटलं, म्हणजे इंद्रसिंग सरांची चिठ्ठीच चुकीची? तीस वर्षं? लोटन म्हणाला, "जाऊ द्या." मी जाऊ दिलं नाही. संध्याकाळच्या आत अर्ध्या कॉलेजला माहीत झालं की मोठ्या सरांनी लेपाला सोल म्हणून ठेवलं होतं. त्यावर विनोदही झाले. एकदोन माझेच होते.

जुलैत यादी लागली. काजलचं नाव एका गुणाने राहिलं. फुलीचे गुण दोन.

हरकत घ्यायला आठ दिवस होते. लोटन हेमकांत सरांकडे गेला. ते आता विभागप्रमुख. त्यांनी ऐकून घेतलं, पेन उघडलं, बंद केलं. "लोटन, उत्तर चुकीचं होतं असं विभागाने कळवायला हवं. आणि ती चिठ्ठी सरांच्या हातची. त्यांनी मला शिकवलंय. ते लिहून देत असतील तर मी पाठवतो. मी होऊन त्यांच्या चिठ्ठीवर रेघ मारणार नाही."

 पाचव्या दिवशी लोटन म्हणाला, "भाऊसाहेब, सारंगखेडाले चला मन्हासंगे." मी गेलो. खोटं कशाला बोलू, निम्मा त्याच्यासाठी गेलो आणि निम्मा काय होतंय ते बघायला.

सरांचं घर गावात, तापीकडे उतरणाऱ्या गल्लीत. सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पुतण्याने जत्रेत घेतलेली घोडी समोर बांधलेली, तिच्याकडे बघत. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज वर्गातलाच.

"ये लोटन. आणि भाऊसाहेब सोबत? म्हणजे आम्ही बोलायच्या आधी शहाद्याला कळलेलं असणार."

चहा झाला. लोटन ओट्याच्या कडेला बसला होता, तो उठून उभा राहिला. बोलला ते त्याच्या मानाने शुद्ध मराठीत, जसं तो साहेब लोकांपुढे बोलायचा.

"सर, चिठ्ठी तुमची बरोबर होती. मासा माझा खोटा आहे."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग त्याने सांगितलं. नोकरीचं दुसरं वर्ष. उन्हाळ्याची सुटी. बाटल्यांतलं पाणी उडून जातं, दर पंधरा दिवसांनी भरायला लागतं. नवीन लग्न झालेलं. तो महिनाभर सासुरवाडी आणि घर करत राहिला. जूनच्या तोंडावर कपाट उघडलं तर उंच बाटली कोरडी, सरांनी वेरावळहून आणलेला सोल सडून काळा लगदा झालेला. नोकरी अजून कायम नव्हती. तो नवापूरला पळाला. गुलाबबाई नावाची कोळीण तिथे बसायची, तिला म्हणाला, चपटा मासा दे. तिने दिला. चपटा तो चपटा. आणून धुतला, बाटलीत बांधला, झाकण लावलं. दोन वर्षांनी सरांनी त्याला डाव्या-उजव्याचा नियम शिकवला, तेव्हा त्याने कपाटापुढे उभं राहून तो नियम त्या बाटलीवर लावून पाहिला. तेव्हापासून त्याला माहीत होतं.

"सव्वीस वर्षं झाली, सर. दर परीक्षेला पोरं खोटं लिहायची, मी बघायचो. आता माझ्या पोरीने खरं लिहिलं. आणि लोक तुम्हाला हसतात, ते मी ऐकून घेतलं."

मी घोडीकडे बघत राहिलो.

सर म्हणाले, "मला त्याच जूनमध्ये कळलं होतं, रे."

लोटनने मान वर केली.

"शेपटी बघितली की कळतं. त्याला डोळे कशाला लागतात? तुला कायम करायचा कागद तेव्हा वर गेला होता. एक ओळ लिहिली असती तर तू परत केळीच्या ट्रकवर. म्हणून तुला म्हटलं, पांढरी बाजू पुढे बांध, काळ्या पट्टीवर उठून दिसते. आठवतं? डोळे दिसले असते तर एखाद्या शहाण्याने विचारलं असतं. मला वाटलं, वेरावळला परत गेलो की दुसरा सोल आणू आणि गुपचूप बदलू." सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "गेलो नाही. राहून गेलं."

दोघंही एकमेकांपासून सव्वीस वर्षं तेच लपवत बसले होते, आधी एकाच खोलीत, मग दोन गावांत, एकाच बाटलीभोवती.

सरांनी पुतण्याकडून कागद मागवला आणि लिहिलं: सदर नमुन्यावरील चिठ्ठी माझ्याकडून चुकीची लागली होती, विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे. लोटनने वाचलं. "असं नका लिहू, सर. हे खरं नाही." सर म्हणाले, "तुझी चार वर्षं राहिलीत नोकरीची. माझं आता कोण काय घेणार? हसतील. भाऊसाहेबांनी हसवून ठेवलंच आहे." ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि रागाने नाही म्हणाले.

लोटनने सरांचा कागद घेतला, डोक्याला लावला. मग मला म्हणाला, मी सांगतो तसं लिहा. त्याच ओट्यावर मी त्याच्या तोंडून त्याचा कबुलीजबाब लिहिला. खाली त्याने सही केली, घड मोजायच्या वहीत करायचा तशी, पूर्ण नाव.

सहाव्या दिवशी दोन्ही कागद हेमकांत सरांच्या हातात. त्यांनी दोन्ही वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाठवतो," ते म्हणाले, "पण एक ऐका. उत्तर बदललं की एकटीचे दोन गुण वाढत नाहीत. बेचाळीस वह्या परत उघडतील. एकेचाळीस जणांचे दोन-दोन गुण जातील." लोटन म्हणाला, दोन गुणांनी त्यांचं काय बिघडतंय, पास तर होतील. हेमकांत सरांनी यादीवर बोट फिरवलं आणि एका नावापाशी थांबले. "ही नाही होणार."

ती निशा. धडगावकडच्या डोंगरातली, नवलसिंग पावऱ्याची मुलगी. बाप दिवाळीनंतर बायकोला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जायचा, ही वसतिगृहात. काजलची बाकावरची जोडीदार. परीक्षेच्या आठवड्यात तिला ताप होता, अर्धे प्रयोग सुटले, काठावर पास झाली. एक गुण गेला असता तरी वर्ष गेलं असतं, आणि आश्रमशाळेत तिला जी नोकरी लागायची होती ती गेली असती.

हे काजलला कुणी सांगितलं? आता मी काय सांगू. कॉलेजात गोष्ट एका कानातून दुसऱ्या कानात कोण नेतं ते तुम्हाला एव्हाना कळलंय. पण त्या वेळी मी नव्हतो. हेमकांत सरांनीच तिला बोलावून सांगितलं. मला वाटतं, त्यांना तो कागद पाठवायचं ओझं एकट्याने नको होतं.

सातव्या दिवशी दुपारी मी लोटनच्या घरी बसलो होतो. काजल आली, चप्पल काढली, आणि दोन्ही कागद बापाच्या पुढ्यात ठेवले.

"आप्पा, हाई मी परत लई उनू."

"काबर?"

"निशा नापास व्हई."

"निशानं राहू दे. तुन्हं काय?"

"मी पुढला साल अर्ज भरसू."

धनुबाई दारात येऊन उभी राहिली. "भाऊसाहेब, तुम्हीन तरी सांगा तिले काही." मला कुणाला काय सांगायचं ते आयुष्यभर सुचत आलं होतं. त्या दिवशी सुचलं नाही. लोटनने कागद उचलले आणि म्हणाला, "मी विद्यापीठात जाईसन टाकस." काजलने त्याच्या हातातून काढून घेतले नाहीत. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "टाका. पन निशाले तुम्हीनच सांगा, आप्पा. ती उद्या आठे येनार शे, पेढा लईसन."

आठव्या दिवशी निशा आली. धडगावहून दोन गाड्या बदलून आली होती. तिने लोटनच्या पाया पडून पेढा दिला, म्हणाली, मामा, तुम्ही बाटल्या मांडल्या म्हणून पास झाले. लोटनने पेढा खाल्ला. दोन्ही कागद त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होते. पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद झाली असेल.

पुढल्या साली काजलने अर्ज भरला नाही. तोवर ती नवापूरला कोंबड्यांच्या हॅचरीत लागली होती, पिल्लं निवडायला आणि लस टोचायला. आणखी पुढल्या साली म्हणता म्हणता लग्न झालं. जावई ललित, अंड्यांची गाडी चालवतो, चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझ्याकडे एकही वाईट बातमी नाही. निशा आश्रमशाळेत शिकवते. इंद्रसिंग सर त्यानंतर दुसऱ्या वर्षी गेले. त्यांच्या शोकसभेत मी उभा राहून सांगितलं की चिठ्ठी सरांची बरोबर होती. चार लोकांनी ऐकलं. विनोद मात्र चाळीस जणांनी ऐकला होता.

लोटन निवृत्त झाला तेव्हा त्याला नारळ आणि शाल दिली. त्यानंतर तो दर शनिवारी नवापूरला काजलकडे जायचा, आणि वाटेत मी सोबत असलो की एकच वाक्य म्हणायचा, "मी मासा फिरवाले नको व्हता, भाऊसाहेब. पांढरी बाजू ऱ्हाती तर पोर बाकीनासारखं लिखी देती." अभ्यासक येणार म्हणून सांगणारा मीच. मी खिडकीबाहेरची केळी बघायचो. मग त्याला धाप लागायला लागली. सुरतेला नेलं, फोटो काढले, फुप्फुसं गेली होती. गेल्या पौषात तो गेला. शेवटचे आठ दिवस काजल त्याच्या उशाशी होती, आणि तो तिच्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडायचा. लोकांना वाटलं, औषधाने.

दहाव्याच्या दिवशी पाणी सोडून आम्ही परत आलो. बायका आत होत्या. काजल ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला म्हटलं, तुझा बाप फार मनाला लावून घेऊन गेला. मासा फिरवला म्हणून तू फसलीस असं त्याला वाटायचं.

"मी फसले नव्हते, भाऊसाहेब," ती म्हणाली. "उंच बाटली म्हणजे सोलिया, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. मी घरून तेच लिहायचं ठरवून आले होते."

"मग?"

"गेले तर मासा फिरवलेला. डोळे माझ्याकडे. मी वळून बघितलं तर आप्पा स्टूलजवळ उभे. माझ्याकडेच बघत होते." तिने ओसरीवरची पिशवी जवळ ओढली. "त्यांच्यासमोर मला खोटं लिहिता आलं नाही."

"त्याला हे कधी सांगितलंस?"

"नाही. काय सांगू? तुमच्यामुळे लिहिलं म्हणून? त्यांना वाटायचं मला माहीत नव्हतं, तेवढं तरी बरं होतं."

मी तिला सांगणार होतो की बरं नव्हतं. त्याला कळलं असतं की पोरीने डोळे उघडे ठेवून लिहिलं, तर कदाचित तो तिच्याकडे तोंड करून पडला असता. किंवा नसता. मला खात्री नव्हती, आणि खात्री नसलेलं सांगायची माझी सवय त्या घराला एकदा भोवली होती. आत धनुबाईने हाक मारली. दुसऱ्या दिवशी हॅचरीत पाच हजार पिल्लं फुटायची होती, रजा संपली होती. काजलने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि साडेतीनच्या गाडीने नवापूरला गेली.